वखारीतलं फिजिक्स

माझी सगळी नोकरी एकाच कॉलेजच्या फिजिक्स विभागात गेली. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटलो आणि विभागप्रमुख होऊन बाहेर पडलो. मधल्या बढत्यांची हकिकत वाचण्यात कुणाला रस असेल असं वाटत नाही, मलाही नाही. लोक विचारतात, एवढी वर्षं फिजिक्समध्ये काढलीत, तर शोध कसला लावलात? कसलाच नाही. दुसऱ्यांनी लावलेले शोध खरे आहेत याची दरवर्षी नव्या मुलांकडून खात्री करून घ्यायची, हे आमचं काम. मुलं लंबक हलवून गुरुत्वाकर्षणाचं मूल्य काढायची, ते चुकायचं, आणि मग ते का चुकलं हे बघत बसायचं. पुस्तकातलं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. आमची नजर असायची ती चुकीवर. त्यातलंच एक वर्ष इथे सांगतो, विभाग सुरू झाल्यानंतरचं दुसरं.

गोवा मुक्त होऊन तेव्हा थोडाच काळ झाला होता. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरी जिल्ह्याच्या शेपटाला लटकलेलो होतो. मालवण आणि वेंगुर्लं यांच्या मधल्या एका बंदरगावात कॉलेज निघालं होतं. मी आरोंद्याचा. मुंबईत बी.एस्सी. झालो होतो आणि तिथे नोकरी मिळायची वाट बघत होतो, तेवढ्यात ही जागा निघाली. घरापासून खाडी ओलांडली की एस.टी. मिळत होती, म्हणून आलो. त्यात ध्येयवाद वगैरे काही नव्हता.

कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती. आर्ट्सचे वर्ग हायस्कुलात भरायचे. सायन्सला अण्णाशेठ नावाच्या व्यापाऱ्यांनी किनाऱ्याजवळची आपली वखार दिली होती. ते कॉलेजच्या कमिटीवरही होते. वखारीत पूर्वी सुकं खोबरं आणि सुंभाची भेंडोळी असायची. भिंतींना चुना लावला, मध्ये फळ्यांची आडभिंत घातली, अलीकडे केमिस्ट्री आणि पलीकडे फिजिक्स. खोबऱ्याचा वास मात्र गेला नाही. नंतर मी मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळा पाहिल्या, तिथे काहीतरी कमी आहे असं वाटत राहायचं, ते हेच असावं.

विभागप्रमुख गोडबोले सर सांगलीकडचे. उंच, सावकाश बोलणारे, आणि मासे न खाणारे. आमच्या गावात मासे न खाणारा माणूस म्हणजे त्याच्या जेवणाची काळजी सगळ्या आळीने करायची. सरांची मोठी लढाई हवेशी होती. खाऱ्या वाऱ्याने व्हर्निअरचे जबडे गंजायचे, तराजूच्या वजनांवर डाग पडायचे, सोनोमीटरच्या तारा मुलांनी ताणायच्या आधीच तुटायच्या. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी यायची. संध्याकाळी मी प्रत्येक लोखंडी वस्तूला खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचो. वीज गावात यायची होती. प्रयोगांच्या बॅटऱ्या भाताच्या गिरणीवरच्या डायनॅमोवर चार्ज करून आणाव्या लागत, आणि भात कांडायच्या हंगामात गिरणीवाला आम्हाला दारात उभं करत नसे.

गावाला या विभागाचं कुतूहल होतं. कुणी बिघडलेला रेडिओ घेऊन यायचं, कुणी विहिरीला पाणी कुठे लागेल ते विचारायला. एक म्हातारी सांधेदुखीवर 'विजेची पेटी लावून घ्यायला' आली. सरांना तिला नाही म्हणणं जमेना. बॅटरी उतरलेली होती म्हणून ते सुटले.

इंटर सायन्सच्या वर्गात दहाबारा मुलं आणि एक मुलगी होती, कुंदा खोबरेकर. तिचा हात फार स्थिर होता. प्रयोगात असा हात मिळणं हे नशीब असतं. सुई अगदी दोन रेघांच्या मध्ये थांबली तरी ती घाई करायची नाही, श्वास रोखून बघायची आणि दिसेल तेच सांगायची. पुस्तकातलं उत्तर आठवून रीडिंग त्याच्याकडे सरकवायचा मोह बहुतेकांना होतो, तिला कधी झालेला मी पाहिला नाही. तिचे वडील जयराम खोबरेकर हे अण्णाशेठच्या मचव्यावर तांडेल होते. तांडेल म्हणजे मचव्याचा प्रमुख, सुकाणू त्याच्या हातात. अण्णाशेठनी आदल्या वर्षी मचव्याला डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं आणि आमच्या बंदरात त्याचं अप्रूप होतं. जयराम तांडेल आणि अण्णाशेठ एका वयाचे, लहानपणी एका खाडीत पोहलेले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो मचवा दक्षिणेला असलेल्या रेडीच्या बाजूने कौलं भरून येताना बंदराच्या तोंडाशी खडकावर चढला. माणसं सगळी वाचली. कौलं गेली, दोन फळ्या फुटल्या. भरतीला मचवा निघाला आणि दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढून ठेवला. ज्या खडकावर तो चढला तो खडक गावातल्या पोरासोरांना ठाऊक होता. जयराम तांडेल आयुष्यभर त्याला वळसा घालून आत येत होते. त्यांनी सांगितलं की समोर धुकं होतं, होक्यावर भरवसा ठेवून येत होतो, होक्याने दगा दिला. होका म्हणजे दिशा दाखवणारं होकायंत्र. मचव्यावरचे खलाशी म्हणाले, धुकं होतं पण फार नव्हतं. मग बाजारात कुजबुज सुरू झाली की तांडेल प्यायला होता. जयराम तांडेल दारूला शिवत नसत, पण कुजबुजीला खलाशांचं तेवढं बोलणं पुरतं. अण्णाशेठनी दुसरा तांडेल बघायला सुरुवात केली.

आम्ही तेव्हा वर्गात चुंबकत्व शिकवत होतो. लोखंड जवळ आणलं की सुई हलते, हा त्यातला अगदी साधा प्रयोग. तास संपल्यावर बाकीची मुलं गेली आणि कुंदा थांबली. तिने सरांना विचारलं की मचव्याला इंजिन बसवलं तर होक्याची सुई ओढली जाईल का. सर म्हणाले, जाईल. किती, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मग मोजू या."

सर त्याच संध्याकाळी अण्णाशेठकडे गेले. मीही बरोबर होतो. अण्णाशेठनी सगळं ऐकून घेतलं. इंजिन बसवताना होका जुन्याच जागी ठेवला होता, आणि तो हलवायला हवा हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते म्हणाले, होका चुकीचा ठरला तर दोष माझा, जयरामला मी स्वतः घरून बोलावून आणीन. त्यांच्या बोलण्यावरून मला वाटलं, तसंच ठरावं अशी त्यांचीही इच्छा होती. खरं सांगायचं तर आमची सगळ्यांचीच होती. प्रयोगाआधी अशी इच्छा असणं फार वाईट, हे सर वर्गात नेहमी सांगत.

मचवा दुरुस्त होऊन पाण्यात उतरला, तेव्हा डिसेंबर लागला होता. मोजणी कशी केली ती सांगतो, अवघड नाही. किनाऱ्यावर देवळाची दीपमाळ होती आणि तिच्या मागे टेकडीवर आम्ही चुना फासलेला एक खांब उभा केला. या दोन खुणा एका रेषेत आल्या की ती रेषा जवळजवळ उत्तरेला जात होती, म्हणजे अपघाताच्या सकाळी मचव्याचं तोंड होतं त्याच दिशेला. होका मचव्यावरून काढून आधी वाळूवर, लोखंडापासून लांब, त्या रेषेवर ठेवला आणि दिशा वाचली. मग तो मचव्यावर जागच्या जागी बसवला, मचवा पाण्यात त्याच रेषेवर आणला आणि पुन्हा वाचली. दोन वाचनांत जो फरक येईल, तेवढी सुई इंजिनाच्या लोखंडाने ओढली. फरक उजवीकडे आला तर मचवा नकळत जमिनीकडे, म्हणजे खडकांकडे जाणार, आणि जयराम तांडेलांचं म्हणणं खरं ठरणार.

वाचायला तीन विद्यार्थी निवडले. कुंदाला घेऊ नये असं मला वाटत होतं, मी तसं सरांना सांगितलं. सरांनी ते तिलाच विचारलं. ती म्हणाली, "सर, माझं इथलं रीडिंग चालणार नसेल, तर वर्गातलं तरी कशाला घेता?" सरांनी तिला घेतलं.

पाणी शांत होतं. अण्णाशेठ मचव्यावर होते, जयराम तांडेल सुकाणूपाशी उभे होते, गावातली थोडी माणसं किनाऱ्यावर जमली होती. एकेकाने जायचं, होक्यावर वाकायचं आणि जे दिसेल ते येऊन सरांच्या कानात सांगायचं, म्हणजे एकाचं दुसऱ्याला कळायला नको. आधी दोन मुलगे गेले. मग कुंदा गेली. ती होक्यावर वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. एकदा तिने मान वर करून किनाऱ्यावरच्या खुणा पाहिल्या, पुन्हा वाकली. वडील तिच्यापासून हातभर अंतरावर होते. उजवी आणि डावी यांत काय फरक पडणार आहे ते तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. तिने सरांच्या कानात सांगितलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

सरांनी इंजिन चालू करून आणि बंद करून सगळं परत एकदा करून घेतलं. मग ते म्हणाले की तिघांची वाचनं जुळतात. सुई पाचेक अंश सरकते. पण ती डावीकडे सरकते, समुद्राच्या बाजूला. होक्यावर विसंबून जो मचवा हाकील तो खडकांपासून लांब जाईल, खडकावर चढणार नाही.

जयराम तांडेलांनी मुलीकडे बघून विचारलं, "कुंदा, तुझा काय इला?"

"तसाच, बाबा. डावीकडे."

"मगे ता खरा आसा," ते म्हणाले. सुकाणूवरचा हात त्यांनी काढला आणि अण्णाशेठकडे वळले. "अण्णानू, होको चुकाक नाय. माका होको दिसाकच नाय."

होका चुकला नव्हता, त्यांना तो दिसलाच नव्हता. दोन पावसाळे त्यांच्या डोळ्यांवर धूर साचल्यासारखं झालं होतं. उजेडाकडे बघितलं की सगळं पांढरं व्हायचं. त्या सकाळी उजव्या अंगाने ऊन येत होतं, आणि खडकावर फुटणारं पाणी त्या उन्हात विरघळून गेलं. सवयीने, आवाजाने आणि खलाशांच्या बोलण्यावरून ते इतके दिवस मचवा आणत होते. अण्णाशेठनी विचारलं, मग हे आधी का सांगितलं नाहीस. ते म्हणाले, सांगितलं असतं तर सुकाणू माझ्याकडे राहिलं असतं काय? त्यांनी मचवा किनाऱ्याला घ्यायला सांगितलं, आणि तो घ्यायला दुसरा खलाशी पुढे झाला.

त्यानंतर कुंदा काही दिवस आली नाही. आली तेव्हा सरळ सरांच्या टेबलाशी गेली आणि विचारलं, "सर, मी बाबांचं खोटं पकडून दिलं का?" सरांनी तिला बसवलं. ते म्हणाले की मी तिघांची वाचनं सांगितली तेव्हा तुझे वडील गप्प होते, तुझं ऐकल्यावर बोलले. याचा अर्थ तू लाव, मी लावणार नाही. माझ्या मते सरांनी त्या दिवशी तिला याहून काहीतरी मऊ बोलायला हवं होतं. पण ती उठली आणि बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर घालायला लागली, तेव्हा तिला ते पुरलं असावं.

जयराम तांडेलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तेव्हा आमच्याकडे त्याची शस्त्रक्रिया होत नसे, मिरजेला जावं लागे. अण्णाशेठनी बाजारात चार माणसांत उभं राहून सांगितलं की जयराम प्यायला नव्हता, आणि आपल्या माणसाला सोबत देऊन त्यांना मिरजेला पाठवलं. सुकाणू मात्र परत दिलं नाही. वखारीची देखरेख कर म्हणाले, ती जयराम तांडेलांनी नाकारली. ते घरी जाळी विणायला बसले. माझ्या दृष्टीने दोघांचंही बरोबर होतं. होका मचव्यावर दुसऱ्या जागी हलवला, आणि मग बंदरातले आणखी मचवेवाले आपापले होके घेऊन आमच्या दारात आले. विभागाला गावात अशी किंमत आली ती त्या हिवाळ्यात.

विद्यापीठात ती किंमत यायला वेळ लागला. फेब्रुवारीत विद्यापीठाची कमिटी आली. बी.एस्सी.चे वर्ग सुरू करायला परवानगी द्यायची की नाही हे तिने ठरवायचं होतं. आम्ही पंधरवडाभर पितळ घासत होतो. तिघे सभासद वाईट रस्त्याने एस.टी.त हाडं खिळखिळी होऊन उतरले. त्यांनी उपकरणं बघितली, सरांचं कौतुक केलं, अण्णाशेठकडे जेवताना सोलकढी पुन्हा पुन्हा मागून घेतली, आणि परवानगी एक वर्ष पुढे ढकलली. वीज नाही, हे कारण. ते खोटं म्हणता येत नव्हतं.

ज्यांना परवडत होतं ती मुलं कोल्हापूरला आणि मुंबईला गेली. कुंदा इंटरला वर्गात पहिली आली आणि पुढचं वर्ष गावच्या मराठी शाळेत गणित शिकवत थांबली. वीज आल्यावर तिने आमच्याकडेच बी.एस्सी. केलं. एम.एस्सी. राहिलं ते राहिलंच. देवगडच्या बाजूला एका हायस्कुलात तिने पुढे सायन्स शिकवलं, आणि तिच्या हाताखालची मुलं आमच्याकडे आली की व्हर्निअर कसं धरायचं ते त्यांना सांगावं लागायचं नाही. भेटली की ती आनंदात असते. तिची कशाबद्दल तक्रार नाही. माझी आहे. तसा हात मोठ्या प्रयोगशाळेत जायला हवा होता.

पण त्या वर्षातला खरा प्रयोग परीक्षा संपल्यावर झाला.

एप्रिलच्या अखेरीला कुंदा वडिलांना घेऊन विभागात आली. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि नाकावर जाड भिंगाचा चष्मा होता. मुलगी दिवसभर इथे काय करते ते त्यांना बघायचं होतं. बॅटऱ्या उतरलेल्या होत्या, म्हणून सरांनी वीज न लागणारी गोष्ट काढली. खिडकीची फळी लावून अंधार केला, फळीच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप लोलकातून नेली आणि समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगांचा पट्टा पाडला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. जयराम तांडेल बघत राहिले. सरांनी त्यांना सहज विचारलं, पट्टा कुठून कुठपर्यंत दिसतो ते बोटाने दाखवा.

तांबडं टोक त्यांनी बरोबर दाखवलं. मग त्यांचं बोट निळ्यावरून जांभळ्यावर गेलं, जांभळं संपलं तिथे पोचलं, आणि थांबलं नाही. आम्हाला जिथे कोरा पुठ्ठा दिसत होता, तिथे आणखी दोन बोटं पुढे जाऊन ते थांबलं.

सरांना वाटलं, चष्म्याचा दोष असेल. त्यांनी चष्मा काढायला सांगितला. कडा धूसर झाल्या, पण बोट तिथेच गेलं. सरांनी त्यांना बाहेर पाठवलं, लोलक फिरवून पट्टा दुसरीकडे पाडला आणि परत बोलावलं. पुन्हा दोन बोटं पुढे. मग सर स्टुलावर बसले. ते म्हणाले की जांभळ्याच्या पलीकडेही प्रकाश असतो. आपल्या डोळ्यातलं भिंग तो अडवतं, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. मोतीबिंदू काढताना यांचं ते भिंगच काढून टाकलेलं आहे. हे त्यांनी वाचलं होतं, पण असा माणूस समोर उभा राहील असं त्यांना वाटलं नव्हतं.

कुंदाने पुठ्ठ्याच्या त्या कोऱ्या भागाकडे डोळे ताणून पाहिलं. तिला काही दिसलं नाही. तिने विचारलं, "कसो आसा, बाबा, तो रंग?"

ते विचार करून म्हणाले, "निळसर पांढरो. ताज्या बांगड्याच्या पाठीर असता तसो." मिरजेहून परतल्यापासून समुद्रावरही तसं काहीतरी दिसत होतं, ते त्यांना चष्म्याचं वाटलं होतं. थोड्या वेळाने ऊन सरकलं आणि पट्टा पुसट झाला. जाताना त्यांनी सरांना विचारलं, "उद्या दिसतला?" सर म्हणाले, आभाळ नसेल तर दिसेल.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सरांनी तरीही दार उघडलं. जयराम तांडेल आले, आणि बरोबर अण्णाशेठना घेऊन आले. सरांनी फळी लावली, पुठ्ठ्यावर पट्टा पडला. जयराम तांडेलांनी अण्णाशेठना सगळे रंग एकेक करून दाखवले आणि मग म्हणाले की याच्या पुढे अजून एक आहे. अण्णाशेठ पुठ्ठ्याला नाक लागेल इतके पुढे झाले. त्यांनी विचारलं, "खंय आसा?"

जयराम तांडेलांनी त्यांचं बोट धरलं, जांभळ्याच्या पलीकडे नेलं आणि पुठ्ठ्यावर टेकवलं. "हंय."

अण्णाशेठना काही दिसलं नाही, तसं ते म्हणालेही. पण बोट त्यांनी काढलं नाही. ऊन सरकून पट्टा नाहीसा होईपर्यंत दोघे तसेच उभे होते.